ट्रेनर येण्याआधीचा आठवडा

नमस्कार. मला दिलेला विषय ‘डिजिटल मशीनचं ऑपरेटर ट्रेनिंग’, म्हणजे छापखान्यातलं डिजिटल छपाईयंत्र चालवायला शिकणं, असा आहे. मी बोलणार आहे ते ट्रेनिंगच्या आधीच्या आठवड्याबद्दल, कारण आमचं ट्रेनिंग तिथंच बिघडलं होतं.

मशीन जुलैत बसलं. ट्रेनर तीन दिवसांसाठी येणार होता. सकाळी खोळंबा नको म्हणून मी आदल्या संध्याकाळीच आर्ट पेपरची रिमं फोडून ट्रे भरून ठेवले. बाहेर धो धो पाऊस, आणि रात्री एसी बंद. सकाळी आमच्या मशीनमननी, त्यांना सगळे मामाच म्हणतात, एक कागद उचलला, कानाजवळ धरून हलवला आणि म्हणाले, “मालक, कागद मऊ पडलाय. आवाज नाही त्याला.” मामांची सत्तावीस वर्षं मिनी ऑफसेटवर, म्हणजे प्लेट आणि ओल्या शाईच्या छोट्या छपाईयंत्रावर गेलेली. मी म्हटलं, “मामा, ह्या मशीनला आत हीटर आहे, वाळवून घेईल ते.” जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरा जॅम झाले. जे कागद बाहेर आले ते पापडासारखे वळलेले, आणि गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढुरके चट्टे. ट्रेनर बिचारा दिवसभर दारं उघडून कागद ओढत बसला. तीनातला एक दिवस गेला.

कारण साधं आहे. टोनर, म्हणजे ओल्या शाईऐवजी असलेली रंगाची भुकटी, कागदावर चढतो तो विजेच्या भारामुळे. दमट कागदात तो भार टिकत नाही, म्हणून टोनर एकसारखा बसत नाही. पुढे फ्यूजरची, म्हणजे टोनर वितळवून कागदावर पक्का करणाऱ्या भागाची, उष्णता लागली की ओलावा झटकन निघतो आणि कागद वळतो. म्हणून खोलीत आर्द्रता ४० ते ६० टक्के आणि तापमान २० ते २५ अंशांच्या दरम्यान ठेवा. रिमं वेष्टनासकट एक-दोन दिवस मशीनच्याच खोलीत राहू द्या आणि वेष्टन फोडायचं ते ट्रेमध्ये भरताना. भिंतीवर आर्द्रतामापक लावा. मशीनच्या किमतीपुढे ते काहीच नाही. अर्थिंग, स्टॅबिलायझर, यूपीएस हे कंपनीवाले आधीच तपासतात, त्यावर वेळ घालवत नाही.

आता माणसं. ट्रेनिंगला कोणाला बसवायचं? बहुतेक ठिकाणी मालकाचा भाचा बसतो, कारण त्याला कॉम्प्युटर येतो. सहा महिन्यांनी भाचा पुण्याला नोकरीला जातो आणि मशीनला कोणी उरत नाही. आम्ही दोघांना बसवलं, मामांना आणि डीटीपी करणाऱ्या ताईंना. मामांना कागद कळतो, ताईंना फाइल कळते. शिवाय त्या तीन दिवसांत मामांना जुन्या मशीनवर अजिबात बोलावलं नाही. हे जमवायला मला दोन गिऱ्हाइकांना हात जोडावे लागले.

मामांची खरी अडचण वेगळी होती. ऑफसेटवर रंग फिका आला की हात आपोआप शाईच्या चावीकडे जातो. इथं चावीच नाही. रंग ठरतो तो आधी, कॅलिब्रेशनमध्ये (मशीनचे रंग मोजून जुळवणं), प्रोफाइलमध्ये (त्या मशीन-कागदासाठीची रंगांची नोंद) आणि फाइलमध्ये. हे ट्रेनिंगच्या पहिल्या तासात ऐकायला मिळालं तर जुना माणूस मनातून खचतो, आपलं सगळं शिकलेलं वाया गेलं असं त्याला वाटतं. दुसऱ्यांदा, मशीन बदललं तेव्हा, मामा आधीचे चार दिवस रोज तासभर ताईंच्या शेजारी बसले. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) म्हणजे काय, आरजीबी (पडद्याचे रंग) आणि सीएमवायके (छपाईचे चार रंग) यांत फरक काय, पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड का करायचा, म्हणजे फाइलमध्येच का भरायचा, एवढंच.

ट्रेनर सोबत सुंदर फोटोंच्या डेमो फाइली आणतो. त्या छान छापल्या जाणारच, त्यासाठीच बनवलेल्या असतात. तुम्ही तुमच्या वाईटातल्या वाईट फाइली काढून ठेवा. आम्ही एक स्मरणिका ठेवली होती. तिच्यातला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला. फॉन्ट एम्बेड नव्हता, तर ‘हार्दिक शुभेच्छा’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस उमटले. दुसरी फाइल होती एका पुस्तिकेची, काळा मजकूर आरजीबीत. पडद्यावर काळाच दिसतो, पण छापताना तो चार रंगांत फुटतो. बारीक टाइपात अनुस्वाराला आणि उकाराला लालसर-निळसर कड येते. आणि मीटरवर त्या पानाची क्लिक, म्हणजे बिलासाठीची पानागणिक नोंद, रंगीत म्हणून पडते! काळ्या पानाला रंगीत पानाचे पैसे. ट्रेनरनं दहा मिनिटांत ती सेटिंग दाखवली. आम्ही फाइल ठेवली नसती तर ते महिन्याच्या बिलातच कळलं असतं.

ऑफसेटवर छापलेल्या कागदांचंही तसंच. प्रमाणपत्राची चौकट ऑफसेटवर आणि नावं डिजिटलवर, असं काम आपण सगळेच करतो. पण ऑफसेटवर कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फवारलेली पावडर आणि न वाळलेली शाई आत गेली तर फ्यूजरची वाट लागते. असे वीस-पंचवीस कागद ट्रेनरसमोर ठेवा आणि सरळ विचारा, हे चालतील का, किती दिवस वाळवून?

१९९३ साली बर्मिंगहॅमच्या इपेक्स प्रदर्शनात इंडिगो आणि झायकॉन या कंपन्यांची रंगीत डिजिटल यंत्रं लोकांसमोर आली. तेव्हा आमच्याकडे ट्रेडलवर, म्हणजे खिळे जुळवून छापायच्या जुन्या यंत्रावर, लग्नपत्रिका चालल्या होत्या आणि मामा हेल्पर होते. त्या मामांनी दुसऱ्या ट्रेनिंगला दोनशे पानी वही आणली होती. ट्रेनर हिंदी-इंग्रजीत बोले, मामा आपल्या भाषेत लिहीत. एका जॅम कोडापुढे (कागद कुठे अडकला ते सांगणारा मशीनवरचा आकडा) लिहिलंय, ‘डावं दार, हिरवा खटका, खालून ओढणे, वरून ओढला तर फाटतो.’ कंपनीचं जाडजूड मॅन्युअल अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

ती वही मी आज सोबत आणली आहे, टेबलावर ठेवतो, बघा. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे आपापल्या बिघडलेल्या फाइली आणल्यात त्यांनी पेनड्राइव्ह ताईंकडे द्या. चहा होईपर्यंत दोन-तीन उघडून बघू.