आधी ग्रुप, मग क्लिक

नमस्कार. स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, लावलेली रायफल पहिल्यांदाच हातात घेणारे बरेच जण आज समोर बसले आहेत, म्हणून एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करते. झिरो करणं (नेम धरला तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळवणं) म्हणजे स्कोपवरचे टरेट (जुळवणीच्या गोल खुंट्या) फिरवणं नव्हे. ते काम दोन मिनिटांचं. बाकीचा सगळा वेळ आपल्या गोळ्या खरोखर एका जागी पडताहेत की नाही, हे बघण्यात जातो आणि तो जायलाच हवा.

मुळात झिरो लागतो कशाला? स्कोप नळीच्या वर बसतो, साधारण चार-पाच सेंटिमीटर. नजर सरळ जाते, गोळी मात्र नळीतून सुटल्यापासून गुरुत्वाकर्षणानं खाली ओढली जात असते. म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा अगदी किंचित वर रोखावी लागते. गोळी खालून येऊन ती रेषा गाठते आणि पुढे कुठेतरी पुन्हा तिच्याखाली उतरते. नेम आणि गोळी नेमकी कुठे भेटावीत, ते अंतर आपण ठरवायचं. त्यामुळे ‘माझी रायफल झिरो आहे’ एवढं म्हणून भागत नाही. किती मीटरला, ते सांगावंच लागतं.

रेंजवर जाण्याआधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा आणि मग स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू तपासा. हे मी आग्रहानं सांगते, कारण माझी एक अख्खी सकाळ यात गेली आहे. ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, छान यायचा, मी दोन क्लिक (टरेटचे टप्पे) द्यायचे आणि पुढचा ग्रुप भलतीकडेच. मी स्वतःच्या श्वासाला दोष दिला, ट्रिगरला दिला, वाऱ्यालाही दिला. शेवटी प्रशिक्षकांनी काही न बोलता ॲलन की मागच्या रिंगच्या स्क्रूत घातली. ती अर्धा फेरा अलगद फिरली. प्रत्येक धक्क्यासरशी स्कोप केसभर सरकत होता. मात्र स्क्रू अंदाजानं करकचून आवळू नका, नाहीतर स्कोपची नळी दबते. बनवणाऱ्यानं जेवढा ताण सांगितला आहे, तेवढाच द्या.

मग डोळ्याकडची काच. पांढऱ्या भिंतीकडे बघत क्रॉसहेअर, म्हणजे आतली नेमाची फुली, काळीभोर, रेखीव दिसेपर्यंत ती फिरवा. एकटक बघत राहू नका. डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. क्षणभर बघा, नजर हटवा, पुन्हा बघा.

बोल्ट-ॲक्शन (हातानं मागेपुढे करायच्या बोल्टची) रायफल असेल तर बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा आणि 25 मीटरवरचं टार्गेट नळीतूनच बघा. केंद्र त्या गोल भोकाच्या मधोमध आणा. आता रायफल न हलवता टरेट फिरवून क्रॉसहेअर त्याच केंद्रावर आणायची. इथे नवखे हमखास गोंधळतात. टरेटवर ‘अप’ लिहिलेलं असतं, ते गोळीच्या खुणेसाठी. त्या दिशेनं फिरवलं की क्रॉसहेअर खाली जाताना दिसते. यात बिघाड काही नाही.

आता गोळ्या. आधी 25 मीटरवर कागद गाठा, मग 100 मीटरवर जा. पिशवी नळीखाली नको, पुढच्या लाकडाखाली हवी. काडतुसं एकाच प्रकारची, जमल्यास एकाच लॉटची. तीन किंवा पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून मारा आणि तोवर टरेटला हात लावू नका. शिकताना मी हेच चुकले. एक गोळी डावीकडे गेली की उजवे क्लिक, पुढची उजवीकडे गेली की डावे. डबा संपला, झिरो झालाच नाही. ज्या रायफलीचा ग्रुप चार सेंटिमीटर पसरतो, तिची एकच गोळी दोन सेंटिमीटर बाजूला गेली, तर त्यावरून काहीच कळत नाही. ग्रुपचं मध्य शोधा आणि फक्त ते हलवा. एखादी गोळी वगळायची असेल, तर ट्रिगर झटकला हे कागद बघायच्या आधी तोंडानं सांगितलेलं हवं. छिद्र बघितल्यावर सुचलेलं कारण मी मानत नाही.

हिशोब सोपा आहे. पाव मिनिटाचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर सरकवतो. मध्य 5 सेंटिमीटर खाली आणि 3 सेंटिमीटर उजवीकडे असेल, तर सात क्लिक वर आणि चार डावीकडे. 25 मीटरवर तोच क्लिक जेमतेम 2 मिलिमीटरचा, म्हणजे तेवढ्याच चुकीला चौपट क्लिक. तुमचा स्कोप 0.1 मिलचा (मिल हेही कोनाचंच माप) असेल, तर 100 मीटरवर एक क्लिक म्हणजे 1 सेंटिमीटर. क्लिक दिले की नवा ग्रुप. मधे नळी निवू द्या. तापलेल्या नळीची गोळी कधीकधी जागा सोडते, शिवाय नळीवरून उठणाऱ्या गरम हवेनं टार्गेट थरथरताना दिसतं.

सलग दोन ग्रुप मधोमध बसले, की टरेटची तबकडी शून्यावर आणा आणि वहीत लिहा: तारीख, अंतर, काडतूस, हवामान. पुढच्या खेपेला पहिली गोळी थंड नळीतून, कोऱ्या कागदावर मारा आणि तिचं छिद्र त्याच पानावर काढून ठेवा.