मी खंय जातंय?

(दृश्य: मालवण, दांडीचा किनारा. उजाडायच्या आधीची वेळ. समोर सिंधुदुर्गाची तटबंदी धूसर. पाणी लांब गेलेलं.)

आज २२ डिसेंबर २०२५. पौष शुद्ध द्वितीया.

आमचा मित्र, आमच्या रिलेतला चौथा गडी, गेला तो १ जानेवारी २०२५ ला. त्या दिवशीही पौष शुद्ध द्वितीयाच होती. वाडीत वर्ष धरतात ते तिथीने, त्यामुळे तारखेच्या दहा दिवस आधीच आम्ही तिघं इथे येऊन उभे आहोत.

त्याच्या घरी विधी व्हायचे ते होतील. आम्ही आलो आहोत ते पाण्यासाठी.

कॉलेजात असताना त्याने आम्हाला एक हिशेब शिकवला होता. मासेमारी करणाऱ्या घरात तो पोरांना पाढ्यांच्या आधी येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, पहाटे पळायला वाळूच नाही. त्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर जायचं. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सातच्या आसपास पूर्ण ओहोटी. पाणी मागे जातं आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते. पाय रुतत नाही, ठेच लागत नाही.

हे आम्हाला वर्षभरात कधीतरी लक्षात आलं आणि मग त्यावर कोणी फार बोललं नाही. इंग्रजी तारखेला आलो असतो तर कधी भरती मिळाली असती, कधी ओहोटी. तिथीला यायचं ठरवलं, तर त्याच्या दिवशी सकाळी पाणी दरवर्षी इतकंच लांब असणार.

(दृश्य: ओल्या वाळूवर पायाने ओढलेली रेघ. हातात पीव्हीसी पाइपाचा तुकडा.)

१९९७ ते २०००. आम्ही चौघं, चार गुणिले चारशे मीटर रिले. एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. पहिला आचरा, दुसरा कट्टा, तिसरा मी, देवबाग. आणि शेवटचा दांडी. या निवेदनातही त्याला तेच म्हणणार आहे. माझ्या तोंडात त्याचं दुसरं नाव बसतच नाही.

कॉलेजच्या मैदानाचा फेरा दोनशे मीटरचा. तांबडी माती, मधूनमधून जांभ्याचे खडे, पावसाळ्यात चिखल. फक्की मारायची तीही स्पर्धेच्या दिवसापुरती. पूर्ण चारशेचा ट्रॅक आम्ही पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत. म्हणून खरा सराव इथे. दांडीने घरच्या रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या जाळ्याची, जुनी दोरी आणली, तिला मापाच्या गाठी मारल्या आणि मोरयाच्या धोंड्याच्या अलीकडून चारशे मीटर मोजून घेतले. मोरयाचा धोंडा म्हणजे तोच खडक, जिथे पूजा करून महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. दांडी रोज त्याला हात लावून मग बूट काढायचा. पळायचो अनवाणीच.

बॅटन म्हणून हा पाइपाचा तुकडा. नियमाप्रमाणे बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब आणि कमीत कमी ५० ग्रॅम वजनाचा लागतो. दांडीने पाइप कापला तो फूटपट्टी लावून. मग बाजारपेठेत एका ओळखीच्या दुकानदाराकडे तराजूत घालून आणला, आणि वजन कमी भरलं म्हणून त्यावर जाळ्याचा दोरा गुंडाळला. तो दोरा अजून आहे.

आता रिलेमधली एक गोष्ट सांगतो. ती कळल्याशिवाय दांडी कळणार नाही.

चार गुणिले शंभरमध्ये पुढचा धावपटू मागे बघत नाही. तो पुढे तोंड करून सुटतो, हात मागे करतो आणि बॅटन हातात येईल अशा भरवशावर पळतो. चारशेमध्ये तसं चालत नाही. येणारा माणूस चारशे मीटर पळून आलेला असतो. शेवटच्या पन्नास मीटरात त्याच्या मांड्या दगड झालेल्या असतात, त्याचा वेग किती उरलाय हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणून पुढच्याने वळून त्याच्याकडे बघायचं असतं. त्याचा दम किती शिल्लक आहे ते चेहऱ्यावरून ओळखायचं, तेवढ्याच वेगाने सुटायचं आणि वीस मीटरच्या पट्ट्यात बॅटन त्याच्या हातातून जवळजवळ काढूनच घ्यायचा.

तीन वर्षं मी रोज दांडीकडे पळत आलो. डोळ्यांपुढे अंधारी यायची, कानात फक्त स्वतःचा श्वास. आणि समोर तो, कंबरेतून वळलेला, डावा हात पुढे केलेला, नजर माझ्यावर. त्या वीस मीटरात त्याने कधी घड्याळाकडे, बाजूच्या गड्याकडे, माणसांकडे बघितलेलं मला आठवत नाही.

त्याच्यासारखं बघणारा माणूस मला पुढे भेटला नाही. नोकरीत नाही, कुठेच नाही.

(दृश्य: कुडाळ स्टेशन, पहाटेची गाडी.)

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी आम्ही रात्रभर एसटीत बसून मुंबईला गेलो होतो आणि सकाळी पाय सुजलेले. त्या हिवाळ्यात कुडाळहून गाडीने गेलो. डब्यात काकीने, म्हणजे दांडीच्या आईने, घावणे बांधून दिलेले. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत्या.

किनाऱ्यावर सरळ पळायची सवय झालेली, वळणं आम्हाला जड गेली. तरी आचऱ्याने आणि कट्ट्याने जीव काढला. मी बॅटन घेतला तेव्हा आम्ही तिसरे होतो. दोनशेच्या खुणेवरही तिसराच होतो, म्हणून नियमाप्रमाणे पलीकडे दांडी आतून तिसरा उभा राहिला. तो उभा राहिलेला मला समोरच्या बाजूने दिसला. त्याने आधीच मान वळवलेली होती.

त्याच्यापासून चार-पाच पावलांवर माझ्या हातातून बॅटन पडला.

कोणाचा धक्का लागला नाही. घाम होता आणि मी घाई केली. बॅटन पडला तर ज्याच्या हातून पडला त्यानेच उचलायचा असतो. दांडी तो उचलू शकत नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंनी गडी सुटून गेले, एक, मग दुसरा, मग तिसरा. मी गुडघ्यावर. बोटं वळत नव्हती, बॅटन दोनदा निसटला. आमच्या कॉलेजच्या पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं.

मी वर बघितलं. दांडी तसाच उभा. कंबरेतून वळलेला, हात पुढे. आणि अगदी घरात बोलावं तशा आवाजात म्हणाला,

"उचल सावकाश. मी खंय जातंय?"

मी बॅटन उचलला, त्याच्या हातात दिला. मग त्याची पाठ दिसली. इतका जीव तोडून पळताना मी त्याला ना आधी बघितलं होतं, ना नंतर. एकाला त्याने गाठलं. पदक काही आलं नाही. परतीच्या गाडीत मी बोलत नव्हतो. त्याने उरलेला घावणो माझ्या हातात ठेवला आणि रत्नागिरी येईपर्यंत झोपून घेतलं. सत्तावीस वर्षांत त्या बॅटनचा विषय त्याने एकदाही काढला नाही. चेष्टेतसुद्धा नाही. मित्रांमध्ये हे किती अवघड असतं, ते विचार करून बघा.

पुढचं थोडक्यात सांगतो. आम्ही तिघं पोटामागे बाहेर पडलो. दांडी बीकॉम झाला आणि होडीवर परत गेला. वडील थकले होते, रापणीत घरचा वाटा होता, तो कोणीतरी धरायला हवा होता. संध्याकाळी वाडीतल्या पोरांना इथेच पळायला शिकवायचा. कोणाकडून कधी एक पैसा घेतला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धेत आपल्या चौघांनी, अनस, अमोज जेकब, अजमल आणि राजेश रमेश यांनी, २ मिनिटं ५९.०५ सेकंदांत हीच शर्यत पळून आशियाई विक्रम केला. त्या रात्री फोन वाजला. हॅलो नाही, काही नाही. "शेवटच्याक बघलंस?" एवढंच. मग दोघंही बराच वेळ गप्प होतो आणि फोन कोणीच ठेवत नव्हतं.

(दृश्य: रिकामी होडी, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली.)

२०२४ च्या गणपतीत पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. तोवर तो पसरलेला होता. मुंबईत उपचार झाले, आम्ही आळीपाळीने रात्री थांबलो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. तो पडल्या पडल्या विचारायचा, "आज तिथी कितवी?" मी मोबाइलमध्ये बघून सांगायचो. तो डोळे मिटून हिशेब करायचा आणि म्हणायचा, "म्हणजे आता रापण लागली आसतली." रोज. दुखणं फार असेल त्या दिवशीही. डिसेंबरात डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं आणि तो समुद्राच्या आवाजात परत आला. तेवढं तरी झालं.

मला त्याला त्या बॅटनबद्दल एकदा बोलायचं होतं. एका रात्री सुरुवातही केली. त्याने पाणी मागितलं, मी दिलं, आणि मग त्याचा डोळा लागला.

(दृश्य: सकाळ. तीन माणसं, चारशे मीटरच्या खुणांवर. कॅमेरा तिसऱ्यासोबत.)

आज पळालो. पळालो म्हणजे काय, सत्तेचाळिशीतली माणसं जेवढी पळतात तेवढं. दांडीने दोरीने आखून दिलेलंच अंतर. आचरा दोनदा थांबला. कट्ट्याच्या गुडघ्याला पट्टा. माझ्या हातात हा पाइप आला तेव्हा ऊन वाळूवर उतरलं होतं. शेवटच्या पन्नास मीटरात मांड्या भरून आल्या, डोळ्यांपुढे तीच अंधारी. मी मान वर केली.

त्याच्या रेघेपाशी कोणी नव्हतं. उभं कोण राहणार, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. तिघांपैकी कोणालाही तो विषय काढवला नव्हता. मी रेघेवर जाऊन थांबलो, पाइप हातात घेऊन. किती वेळ ते माहीत नाही. चित्रीकरण करणाऱ्या मुलाने कॅमेरा खाली घेतला, म्हणून पुढचं चित्र तुम्हाला दिसणार नाही.

तेवढ्यात वाडीकडून हाक आली. रापण लागली होती, माणसं कमी होती. "हात लावा रे!"

मी पाइप खिशात खोचला. तिघांनी दोरी धरली. रापण ओढताना तोंड समुद्राकडे असतं, मागे मागे चालत ओढायची. एकेक पाऊल वाळूत रोवायचं, कंबरेतून रेटा द्यायचा. शेजारचे म्हातारे काका म्हणाले, "हय तो धरी." आणि माझ्यापुढची हातभर दोरी मोकळी सोडून मागे सरकले.

आम्ही ओढत राहिलो. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला काकी येऊन उभ्या होत्या. पदर डोक्यावर, हाताने ऊन अडवून त्या पाण्याकडे बघत होत्या. मग आमच्याकडे वळल्या.

"पाणी भरतीक लागला. आवरा आता. पेज थंड होता."

(दृश्य: दोरी. हात. त्यापलीकडे पाणी.)