सांगलीत कुठं जेवावं? आधी वार सांगा

(घराची गच्ची. सकाळचं ऊन. हातात फोन.)

नमस्कार मंडळी. आज सकाळी आलेला एक मेसेज आधी वाचून दाखवतो. "दादा, उद्या सांगलीत येतोय. आई-वडील बरोबर आहेत. एकदम बेस्ट जेवण कुठं मिळेल? एकच नाव सांगा."

असे मेसेज आले की मला मनापासून बरं वाटतं. माणूस आपल्या गावात जेवायला येतोय आणि त्यासाठी आपल्याला विचारतोय, हा मी मान समजतो. पण अशा मेसेजला नुसतं एक नाव पाठवून द्यायचं मी बंद केलंय. का बंद केलं, तेच आज सांगायचंय.

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका कुटुंबाचा असाच मेसेज होता. मी माझ्या सगळ्यात आवडत्या मटण खानावळीचं नाव लगेच पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता त्यांचा फोन आला, शटर बंद आहे म्हणून. मी कॅलेंडर बघितलं तर गुरुवार. त्यांच्या आईला शुगर होती, गोळी घेऊन झाली होती, आणि वेळेत पोटात काही जायला हवं होतं. शेवटी शेजारच्या गाड्यावरची केळी घेऊन त्यांनी भागवलं. ते रागावले नाहीत. "असू द्या दादा, पुढच्या वेळी," एवढंच म्हणाले. ते मला जास्त लागलं. खानावळवाल्याची यात काडीची चूक नव्हती. गुरुवारी तो बंदच असतो, हे गावातल्या लहान पोराला माहीत आहे. बाहेरून येणाऱ्याला ते सांगायचं काम माझं होतं.

(फोन खाली ठेवत)

तर पहिली गोष्ट, वार. आपल्याकडं मटणाचे वार ठरलेले आहेत. रविवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, कुणाकुणाचा मंगळवारही असतो. त्यातही सांगलीकडं गुरुवार जास्त कडक, कारण हा कृष्णाकाठ म्हणजे दत्ताचा मुलूख. नदीच्या वरच्या अंगाला औदुंबर, खाली नरसोबाची वाडी. मधल्या गावांत गुरुवारी घरात अंडंसुद्धा न फोडणारी माणसं भरपूर आहेत. त्याशिवाय श्रावण आहे, एकादशी आहे, संकष्टी आहे, मार्गशीर्षातले गुरुवार आहेत.

याचा तुमच्या ताटाशी काय संबंध? सरळ संबंध आहे. रविवारी सकाळी बोकड कापला जातो आणि दुपारच्या आत पातेलं रिकामं होतं. गुरुवारी एखाद्या ठिकाणी मटण थाळी मिळालीच, तर मी स्वतः आधी विचारतो, कधीचं आहे? गिऱ्हाईक नसलेल्या वारी शिजलेलं मटण मी खात नाही, आणि कुणाला खा म्हणून सांगतही नाही. म्हणून सांगली असो, सातारा असो, कुणालाही विचारताना सुरुवात अशी करा: "मी बुधवारी दुपारी येतोय, तर…" एवढ्या एका शब्दानं समोरचा माणूस वेगळं उत्तर देतो. करून बघा.

दुसरी गोष्ट, प्रश्न. "इथं चांगलं हॉटेल कुठलं?" असं विचारलं की माणूस तुमच्या कपड्यांकडं बघतो, गाडीकडं बघतो आणि गावातलं महागातलं हॉटेल सांगतो. त्याला वाटतं पाहुण्याला हेच शोभेल. त्यात लबाडी नसते, आदरच असतो. पण तो स्वतः तिथं शेवटचा कधी जेवला? बहुतेक कुणाच्या तरी रिसेप्शनला. म्हणून मी विचारतो, "या आठवड्यात तुम्ही बाहेर काय खाल्लं?" मग तो जरा थांबतो, आठवतो. आणि आठवून जे सांगतो ना, त्याच्यामागं जा.

आणि विचारायचं कुणाला? लॉजच्या काउंटरवर विचारू नका असं मी म्हणणार नाही, पण माझा अनुभव वेगळा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात. आपल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या पोत्यांखाली पाठ वाकवणारे हमाल कुठं जेवतात, ते कुणी विचारत नाही. सकाळपासून पोती उचललेल्या माणसाला पातळ आमटीवर भागत नाही. तो जिथं रोज बसतो तिथं भाकरी मोठी असते आणि कालवणात पाणी नसतं.

पण मला मिळालेला सगळ्यात पक्का सल्ला मिरजेतला आहे, तो जरा सविस्तर सांगतो.

(खुर्ची पुढं ओढून)

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टर साहेबांनी 1894 मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला येतात. पेशंट आत असतो आणि त्याचे नातेवाईक बाहेर, पंधरा पंधरा दिवस. या माणसांकडं पैसा मोजका असतो. घरचं जेवण तुटलेलं असतं. आणि दोन्ही वेळा बाहेरच खावं लागतं. आजूबाजूची एकूण एक खानावळ त्यांनी जीभ आणि खिसा दोन्ही लावून तपासलेली असते. मी एकदा ओळखीच्या पेशंटला बघायला गेलो होतो. पायरीवर विजापूरकडचे एक काका स्टीलचा डबा घेऊन बसले होते. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारे. मी विचारलं, जेवण कुठनं आणता? ते म्हणाले, "त्या गल्लीत जा. पण साडेअकराला जा. एकनंतर गेलास तर भाकरी डब्यातली मिळंल, तव्यावरची नाही."

गेलो. आत चार बाकडी, भिंतीला टेकवलेल्या पाण्याच्या कळश्या. एक बाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या, दुसऱ्या थापत होत्या. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी आटलं की उलटायची, आणि मग तवा बाजूला सारून थेट जाळावर. तिथं ती टम्म फुगते. फुगलेली भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली आणि मी पापुद्रा उचलला तर आतली वाफ बोटांना लागली. बरोबर भरली वांगी. कृष्णाकाठची वांगी, काटेरी देठाची, लहान. ही वांगी शिजली तरी आकार सोडत नाहीत, आणि आत बी हाताला लागत नाही. शेंगदाण्याचं कूट, तीळ, थोडं खोबरं. शेजारी कच्चा कांदा, बुक्की मारून फोडलेला. मी तिसरी भाकरी मागितली.

आता बघा, त्या काकांनी मला नाव सांगितलंच नव्हतं. वेळ सांगितली होती. तीच एकच खानावळ साडेअकराला एक असते आणि दीडला दुसरी असते. तुम्ही कुणाला सल्ला देताना ही वेळ सांगता का?

तिसरी गोष्ट तिखटाची, कारण यावरून खूप गैरसमज होतात. पुण्या-मुंबईचा माणूस म्हणतो, "जरा कमी तिखट करा." खानावळवाला मान हलवतो आणि खरंच कमी करतो. पण त्याचं कमी म्हणजे सांगलीच्या जिभेचं कमी. मग पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि तो रात्री एक स्टार देऊन मोकळा होतो. अशा रिव्ह्यूचं मला फार वाईट वाटतं, कारण स्वयंपाक चुकलेला नसतो, बोलणं चुकलेलं असतं.

आमच्याकडं चटणी म्हटलं की नारळाची किंवा कोथिंबिरीची कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. चटणी म्हणजे वर्षाचं कांदा-लसूण घातलेलं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, वाळवलेला कांदा तेलात तळायचा, खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला भाजायचा, लसूण घालायचा आणि सगळं डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, कुटून आणायचं. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. बरणीत दाबून भरलेली ही चटणी वर्षभर प्रत्येक कालवणात पडते. म्हणजे तुमच्यासमोर जे पातेलं आहे, त्यात तिखट आधीच मुरलेलं आहे, ते आता काढता येत नाही. म्हणून "कमी तिखट" म्हणू नका. "रस्सा वाटीत वेगळा द्या" म्हणा. मिसळ असेल तर "कट वेगळा द्या" म्हणा. मटण असेल तर सुक्कं मागा, रस्सा आपल्या अंदाजानं घ्या. आणि लहान मूल बरोबर असेल तर तसं सांगा, आपल्याकडच्या बायका मुलासाठी दूध-भाकरीची सोय आपणहून करतात.

जाता जाता एक प्रश्न फुकटचा देतो: "चटणी घरची आहे का?" हा प्रश्न ऐकून खानावळवाल्याचा चेहरा खुलला, तर बसा.

(उभं राहून, कट्ट्याला टेकून)

हॉटेल विचारण्यापेक्षा पदार्थ विचारा, हेही मी सारखं सांगतो. पुण्याहून हायवेनं खाली येताना साताऱ्यात कंदी पेढा. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, म्हणून तो पांढऱ्या पेढ्यापेक्षा टिकतो आणि प्रवासाला चालतो. कराड-इस्लामपूर पट्ट्यात अख्खा मसूर, रोटीबरोबर. तिथं पंधरा पानांच्या मेन्यूवाला ढाबा सोडा, तीन-चारच पदार्थ करणारा बघा. नरसोबाच्या वाडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी. थंडीत शेतावरचा हुरडा. आणि सांगलीतून निघताना भडंग. भडंगाबाबत एवढंच, मोठं पाकीट दिसलं म्हणून घेऊ नका, मूठभर चाखा. चिरमुरा दाताखाली वाजला पाहिजे आणि लसूण करपलेला लागता कामा नये. तेलाला जुना वास आला तर ठेवून द्या, दुकान कितीही नावाजलेलं असो.

आता सल्ला देणाऱ्यांविषयी बोलायचंय. म्हणजे माझ्याविषयी, आणि फोन काढून जेवणाचा फोटो टाकणाऱ्या आपल्या सगळ्यांविषयी.

आमच्याकडं एका गल्लीत एक मावशी मेस चालवायच्या. पंधरा-सोळा मेंबर. कॉलेजची पोरं, एक निवृत्त मास्तर, बँकेतले दोघं. मी तिथं जेवलो आणि इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला, पत्त्यासकट. रविवारी दुपारी तिथं साठच्या वर माणसं आली. सातारा, कोल्हापूर, पुण्याच्या नंबरप्लेटच्या गाड्या गल्लीच्या तोंडापर्यंत. मावशी हातानं भाकरी थापणाऱ्या. किती थापणार? माणसं ताटकळली, कुणी बोलून गेलं, कुणी न जेवता गेलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांच्या मनगटाला हळदीचा लेप होता. त्या म्हणाल्या, "बाळा, तू चांगल्यासाठीच केलंस. पण आज माझी पोरं उपाशी राहिली." त्यांची पोरं म्हणजे ते मेंबर. महिन्याचे पैसे भरलेले, आणि त्या दिवशी वडापाव खाऊन झोपलेले.

तो व्हिडिओ मी त्याच रात्री काढला. तेव्हापासून मी कुठंही कॅमेरा काढायच्या आधी आत जाऊन विचारतो, किती माणसांचा स्वयंपाक होतो? गर्दी चालेल का? बाहेरच्यांनी फोन करून आलं तर बरं पडेल का? काही जण आनंदानं हो म्हणतात, त्यांची पाटी मी मोठी करून दाखवतो. काही जण नको म्हणतात. त्यांचं नाव मी एकेकाला मेसेजमध्येच सांगतो, आणि घेणाऱ्यालाही सांगतो की बाबा, आदल्या दिवशी फोन करून किती माणसं ते कळव. चार माणसांच्या भाकऱ्यांचं पीठ त्यांना आधी मळता येतं.

तुम्हीही कुठं जेवून आलात आणि लिहावंसं वाटलं, तर "अप्रतिम चव" लिहून थांबू नका. कुठल्या वारी गेलात, किती वाजता, काय मागवलं, काय संपलं होतं, बरोबर कोण होतं, ते लिहा. वयस्कर माणूस असेल तर खाली बसावं लागतं की बाकडं आहे, हे लिहा. तुमच्या दोन ओळींवर कुणीतरी शंभर किलोमीटर गाडी चालवत येणार असतं.

(पुन्हा फोन हातात घेऊन)

तर सकाळच्या त्या मेसेजचं उत्तर. उद्या गुरुवार आहे, म्हणून त्यांना असं लिहिलंय:

"मटणाचा विचार यावेळी सोडा. आई-वडील आहेत, तर सकाळी लवकर वाडीला जाऊन दर्शन घ्या. गुरुवार आहे, गर्दी असेल, आठच्या आत पोचा. बासुंदी तिथंच घ्या, बरोबर नेऊ नका. साडेअकराला मिरजेत या. खानावळीचं नाव आणि नंबर खाली देतोय, आज संध्याकाळीच फोन करून तीन माणसं सांगा. भरली वांगी आणि भाकरी घ्या. बाकडी आहेत, खाली बसावं लागणार नाही. आमटी वाटीत वेगळी मागा. वडिलांना तिखट सोसत नसेल तर ताक मागून घ्या, ते रोजचं ताजं असतं. आणि घरी पोचल्यावर मला एवढंच कळवा, भाकरी तव्यावरची मिळाली का."