व्याज कोणत्या दिवसापासून लागते?

मंडळी, क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास दराचा येतो. तो विचारायलाच हवा, कारण महिन्याला साडेतीन टक्के हा आकडा कानाला किरकोळ वाटला, तरी वर्षाच्या सरळ हिशेबाने तो 42 टक्के होतो आणि न भरलेले व्याज दरमहा मुदलात मिसळत गेले, तर चक्रवाढीने 51 टक्क्यांच्या वर जातो. तारण काहीच नसल्यामुळे कर्ज बुडण्याची जोखीम देणाऱ्याला या दरातच धरावी लागते. पण माझ्या मते खरी मेख दराच्या पुढे आहे: हा दर कोणत्या रकमेवर आणि कोणत्या तारखेपासून लागतो?

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांचे बिल माझ्यापुढे ठेवले. पाच तारखेला दहा हजारांची एकच खरेदी, तीस तारखेला बिल तयार, आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची वीस. त्यांनी वीस तारखेलाच 9,900 भरले आणि उरलेले शंभर पुढच्या वेळी देऊ म्हणून ठेवले. त्यांचा अंदाज होता की व्याज शंभरावर लागेल, म्हणजे चार-पाचच्या आत सुटेल. पुढच्या बिलात मात्र पाचशेच्या वर व्याज आले. बिनव्याजी मुदत ही संपूर्ण बिल भरणाऱ्यासाठीची सवलत असते. ती हुकली आणि करारात व्याज खरेदीच्या तारखेपासून धरण्याची अट असली, की पूर्ण दहा हजारांवर पंचेचाळीस दिवसांचे व्याज मोजले जाते आणि ते सुमारे 518 होते. शिवाय बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बहुधा ही सवलत मिळत नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. रोख रक्कम काढली असेल तर व्याज सहसा त्याच दिवसापासून चालू होते.

बिलावरच्या 'किमान देय रक्कम' या ओळीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण ती भरली की माणूस निश्चिंत होतो. तेवढी भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. दहा हजारांची बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि व्याजासह होणाऱ्या रकमेच्या पाच टक्के आपण दरमहा भरतो, असे धरा. नवी खरेदी अजिबात केली नाही, तरी वर्षभरात सुमारे 5,670 भरूनही कर्ज 8,165 च्या आसपास उरलेले असते. भरलेल्या पैशांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक व्याजातच गेले.

व्याज रोजच्या बाकीवर मोजले जात असेल, तर शेवटच्या तारखेची वाट न पाहता, हातात येईल तशी रक्कम भरत गेल्याने ते खरोखरच कमी होते.

त्या गृहस्थांनी दुसरे बिल पूर्ण चुकते केले, तरी तिसऱ्या बिलात व्याजाची एक लहानशी ओळ होतीच. त्यांना ती चूक वाटली. पण बिल तयार झाले त्या दिवसापासून त्यांनी पैसे भरले त्या दिवसापर्यंत बाकी उभी होती, आणि तेवढ्या दिवसांचे व्याज आधीच्या बिलात येणे शक्यच नव्हते.