काळं ऑइल म्हणजे खराब ऑइल नव्हे

मागं आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय ऑइलच्या रंगावरनं गाडीची तब्येत, आणि सगळे रंग मी सांगणारच आहे, पण आधी काळ्याबद्दल बोलू द्या, कारण ते मला लई दिवस खटकतंय. गॅरेजवाला बॉनेट उघडतो, ऑइल मोजायची पट्टी काढतो, मालकाच्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, बघा किती काळं झालंय, इंजिन जाईल. मालक घाबरतो, पैसे मोजतो. इथं निम्म्या लोकांनी मोजले असतील, हात वर करायला लावत नाही.

अहो डिझेल जळलं की काजळी होणारच, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांजवळनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, उतरणारच. ती धरून ठेवायलाच तर ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेलं असतं, म्हणजे मळ सुटा करायचा आणि काजळीचे कण एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. म्हणून मधाच्या रंगाचं नवं ऑइल जुन्या डिझेल इंजिनात त्याच दिवशी काळं दिसतं. ते त्याचं काम करतंय!

आमच्या पाहुण्यांचा तासगाव तालुक्यात ट्रॅक्टर आहे, द्राक्षबागेत ब्लोअर आणि सीझनला उसाच्या ट्रॉल्या, मशीनला विश्रांती कसली ती नाहीच. त्यांना कुणीतरी असंच काळ्या ऑइलनं घाबरवलं, मग त्यांनी बॅरलमधलं सुटं, स्वस्त ऑइल आणलं, आणि ते काळं होईना! दर आठवड्याला पट्टी काढून शेजाऱ्यांना दाखवायचे, बघा कसं सोन्यासारखं राहिलंय. मी सांगितलं, दाजी, काजळी तर होतीच आहे, मग ती ऑइलमध्ये नाही तर गेली कुठं? हसले. ऐन सीझनमध्ये ऑइल प्रेशर पडलं, इंजिन खोललं तर टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, डांबरासारखा गाळ, चेंबरमधली जाळी तुंबलेली, वर ऑइलच पोचत नव्हतं आणि क्रँकची बेअरिंग खाल्लेली. ऊस फडात आणि ट्रॅक्टर फिटरकडं, त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं. म्हणून एवढं तळमळीनं सांगतोय, ऑइल रंग बघून बदलू नका, मॅन्युअलमधल्या तासांवर बदला, बऱ्याच ट्रॅक्टरला ते 250 तासांच्या आसपास असतात, आणि डब्यावर एपीआय ग्रेड, म्हणजे ऑइलच्या दर्जाचं चिन्ह, बघून घ्या. सीएनजीवाल्यांनो तुम्हीपण ऐका, गॅसला काजळी जवळजवळ नसते म्हणून ऑइल स्वच्छ दिसतं, पण उष्णतेनं ते आतनं बिघडतच असतं, तेव्हा स्वच्छ दिसतंय म्हणून पुढं ढकलू नका.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं म्हणतायत. मग भराभर घेतो.

ऑइल दुधाळ झालं तर मात्र खरं घाबरा, त्यात पाणी किंवा कूलंट गेलंय, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, नाहीतर ऑइल कूलर बघा. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय असेल आणि पट्टी साफ असेल, तर थंडीत जवळच्या जवळ गाडी फिरवल्यानं आलेली वाफ असू शकते, एकदा लांब चालवून परत बघा आणि कूलंट कमी होतंय का त्यावर लक्ष ठेवा. ऑइल पातळ, पेट्रोल-डिझेलचा वास आणि पट्टीवर लेव्हल वाढलेली, तर इंधन मिसळतंय, बीएस 6 म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीला गावातल्या गावात फिरवून डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायची प्रक्रिया अर्धवट राहिली की हे होतं. बोटावर चमचम दिसली तर धातू झिजतोय, गाडी लगेच दाखवा.

शेवटचं, आपल्या सांगलीकरांसाठी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही बघितलंय. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू होते का बघायला स्टार्टर मारायचा नाही, सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पहिल्यांदा बॅटरीची वायर काढा, गाडी ओढून न्या, एअर फिल्टर आणि पट्टी बघा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि थोडं चालवून ते ऑइलसुद्धा परत काढून टाका, कारण पहिल्या बदलात सगळं पाणी निघत नाही.