हातात काय उरतं? कंपनीची गाडी आणि पगाराचा हिशेब

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'कंपनीच्या गाडीमुळे हातात येणारा पगार किती बदलतो' हा. तो हिशेब मांडल्याशिवाय मी खाली बसणार नाही. पण आधी एका आकड्याशी माझं जुनं भांडण आहे, तेवढं ऐकून घ्या. तो आकडा म्हणजे 1,800.

आपल्या नागपूरच्या औद्योगिक पट्ट्यातलं मिहान घ्या, बुटीबोरी घ्या, नाहीतर हिंगणा एमआयडीसी. पगाराची बोलणी सुरू झाली की एचआरवाले सांगतात, "गाडी घ्या ना साहेब, टॅक्स फक्त अठराशे रुपयांवर." 2025-26च्या नियमांपुरतं वाक्य खरं आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याचे तीन वेगवेगळे अर्थ होतात. एकाला वाटतं महिन्याला 1,800 रुपये कापले जाणार. दुसऱ्याला वाटतं गाडी 1,800 रुपयांत पडली. तिसऱ्याला वाटतं पगारात 1,800 वाढले. तिघंही चुकतात आणि तिघंही सही करतात.

मी सांगतोय ते सगळे आकडे आर्थिक वर्ष 2025-26चे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. 1 एप्रिल 2026पासून 2025चा आयकर कायदा लागू झाला. पुढच्या वर्षांचा हिशेब करताना त्या त्या वर्षाचे दर घाला, रीत हीच ठेवा.

गाडी कंपनीची किंवा कंपनीनं भाड्यानं, म्हणजे लीजवर, घेतलेली, वापर थोडा ऑफिसचा थोडा घरचा, आणि पेट्रोल, सर्व्हिसिंग सगळं कंपनीकडे. अशा वेळी इंजिन 1.6 लिटरपर्यंत असेल तर महिन्याला 1,800 रुपये, त्याहून मोठं असेल तर 2,400 रुपये, ही त्या सोयीची मानीव किंमत, म्हणजे करापुरती कायद्यानं धरलेली किंमत. ड्रायव्हर दिला तर आणखी 900. घरच्या फिरण्याचा खर्च तुम्ही स्वतः करत असाल तर हेच आकडे 600 आणि 900 होतात, ड्रायव्हरचे 900 तसेच. ही रक्कम तुमच्या हातात येत नाही आणि हातातून जातही नाही. ती फक्त करपात्र उत्पन्नात मिळवायची, आणि तिच्यावरचा कर मात्र खऱ्या पैशात कापला जातो. 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस, म्हणजे करावरचा 4 टक्के उपकर, धरून 31.2 टक्के. म्हणजे 1,800वर महिन्याला साधारण 562 रुपये, ड्रायव्हरसकट 2,700वर 842 रुपये.

सॅलरी स्लिपवर काही कंपन्या ही रक्कम मिळकतीच्या रकान्यात दाखवतात आणि तेवढीच कपातीच्या रकान्यात परत काढतात. ते बरोबर आहे. पण कधीकधी एकच बाजू होते. मिळकतीत धरली आणि कपातीत विसरली, तर जास्तीचे पैसे खात्यात येतात आणि दोन महिन्यांनी वसूल होतात. कपातीत धरली आणि मिळकतीत नाही, तर तुमचे पूर्ण 1,800 गेलेच. म्हणून गाडी मिळाल्यावर पहिली स्लिप या दोन रकान्यांसाठी बोट ठेवून वाचा. वर्षाअखेरीस फॉर्म 16सोबत 12बीए, म्हणजे कंपनीनं दिलेल्या सोयींचा तक्ता, मिळतो, त्यात गाडीची ओळ असते. तिथे 21,600 हवेत, 1,800 गुणिले बारा.

आता ज्यासाठी मी खरं तर इथवर आलो ते सांगतो. हे 562 रुपये सगळ्यांना सारखे नाहीत. समजा एकाचा वर्षाचा पगार बरोबर 12,75,000 आहे. 75,000ची प्रमाणित वजावट गेली, उरले 12 लाख, कलम 87एच्या सवलतीमुळे कर शून्य. कंपनी खूश होऊन म्हणाली, पगार तसाच ठेवतो आणि वरून गाडी देतो. उत्पन्न झालं 12,21,600. स्लॅबप्रमाणे कर होतो 63,240. इथे सीमांत सवलत मदतीला येते. ती म्हणते, 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्याहून जास्त कर घेणार नाही. वर किती गेलं? 21,600. म्हणजे कर 21,600, त्यावर सेस 864, एकूण 22,464. शून्याचे बावीस हजार! महिन्याला 1,872 रुपये. ज्याचा पगार 30 लाख त्याला त्याच गाडीपायी महिन्याला 562, आणि ज्याचा पावणेतेरा लाख त्याला 1,872. ड्रायव्हर दिला तर वर्षाला 33,696. गाडी नको असं मी म्हणत नाही, इतक्या पैशात ती स्वस्तच आहे. पण ज्या माणसाला एप्रिलमध्ये 'कर शून्य' सांगितलं, त्याला मार्चच्या स्लिपमध्ये हे एकदम कळावं, याचा मला मनापासून राग येतो. पगाराचं पत्र हातात देताना ही एक ओळ लिहायला काय जातं?

दुसरी तक्रार लॉगबुकाची. गाडी पूर्णपणे ऑफिसच्या कामाला वापरली तर मानीव किंमत शून्य धरता येते. त्यासाठी प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च लिहिलेला हवा, आणि कंपनीचा दाखला हवा. घरून ऑफिसला आणि ऑफिसातून घरी येण्यासाठी मिळालेलं वाहन कायदा मुळात सोय मानतच नाही. त्रिमूर्तीनगर ते बुटीबोरी रोजचं जाणं-येणं त्यात आलं. घोटाळा होतो तो वही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एकाच पेनानं भरल्यामुळे. वहीतले किलोमीटर सर्व्हिसिंगच्या बिलावरच्या मीटरशी जुळत नाहीत. आणि फास्टॅगचं स्टेटमेंट तर साक्षीदारच आहे! वहीत रविवार कोरा, आणि स्टेटमेंटात त्याच रविवारी समृद्धीचा टोल. मग शून्याचा दावा टिकत नाही. रोज दोन ओळी लिहिणं जमणार नसेल तर सरळ 1,800 मान्य करा.

रोड टॅक्सचं लोक विचारतच नाहीत. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर एकरकमी 11 टक्के, कंपनीच्या नावावर 20 टक्के. साडेनऊ लाखांच्या गाडीवर 1,04,500 विरुद्ध 1,90,000. फरक 85,500. चार वर्षांच्या लीजमध्ये वाटला तर महिन्याला 1,781 रुपये, व्याज वेगळं. शिवाय अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, कंपन्यांना एरवी मिळत नाही, तोही भाड्यातच मिसळतो. काही जण यावर उपाय म्हणून शेजारच्या राज्याची पाटी लावतात. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली की नवा नंबर घ्यावाच लागतो, म्हणजे खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. तर आता मूळ हिशेब, भरभर. वहीत घ्या.

बहुतेक ठिकाणी गाडी वरून मिळत नाही, सीटीसीतूनच, म्हणजे तुमच्यावर कंपनी करते त्या एकूण खर्चातूनच, कापून मिळते. समजा रोख पगार वर्षाला 30 लाख. गाडीचं भाडं 24,000, पेट्रोल 8,000, विमा आणि देखभाल 4,000, मिळून महिन्याला 36,000, वर्षाला 4,32,000. गाडी नसताना करपात्र उत्पन्न 29,25,000 आणि सेससह कर 4,75,800. गाडी घेतल्यावर 30 लाखांतून 4,32,000 वजा, 21,600 अधिक, 75,000 वजा, उरले 25,14,600. कर 3,47,755. कर वाचला 1,28,045, महिन्याला 10,670. म्हणजे हातातले 36,000 नाही, 25,330 रुपये कमी झाले. या 25,330ची तुलना स्वतःच्या गाडीचा हप्ता, पेट्रोल, विमा यांच्या बेरजेशी करा. तुलना करताना एक विसरू नका, हप्ते फिटले की गाडी तुमची असते, लीज संपली की ती विकत घ्यावी लागते.

15 लाखांच्या पगाराला हेच पॅकेज लावा. आधी कर 97,500. गाडीनंतर उत्पन्न 10,14,600, कर शून्य. बचत महिन्याला 8,125, हातातले कमी झाले 27,875. आणि पगार 12,75,000च्या आत असेल तर वाचवायला करच नाही, पूर्ण 36,000 खिशातून. त्याला कोणी 'टॅक्स सेव्हिंग' म्हणून लीज विकत असेल तर नाही म्हणा.

कापाकापी विशेष भत्त्यातून होते की मूळ वेतनातून, हे विचारा. मूळ वेतन घटलं तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीही घटू शकते. घरासाठी कर्ज काढायचं असेल तर बँक कमी झालेला पगार पाहील, कर्जाचा अर्ज आधी करा. मध्येच नोकरी सोडली तर लीज मोडण्याचा दंड शेवटच्या हिशेबातून कापतात, ते कलम सहीआधी वाचा.

शेवटचं. कंपनीच्या मालकीची गाडी नंतर तुम्हालाच स्वस्तात दिली, तर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 20 टक्के घट धरून जी किंमत येते, तिच्यातून तुम्ही दिलेले पैसे वजा करून बाकी तुमचं उत्पन्न धरतात. दहा लाखांची गाडी दोन वर्षांनी 6,40,000, तीन वर्षांनी 5,12,000. पण वर्ष पूर्ण झालेलंच मोजतात. दोन वर्षं अकरा महिने म्हणजे दोनच. त्या फरकावर 31.2 टक्क्यांनी 39,936 रुपये जास्तीचा कर बसतो. चावी हातात घेण्याआधी बिलावरची तारीख पाहा, आणि एक महिना कमी पडत असेल तर थांबा.