हळदीचा रंग मोजताना

(शाळांतील विज्ञान शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, या बोर्डावर मधोमध नखापेक्षाही लहान चीप दिसतेय, ती एएस७३४१. दृश्य प्रकाश ती आठ पट्ट्यांत मोजते: ४१५, ४४५, ४८०, ५१५, ५५५, ५९०, ६३० आणि ६८० नॅनोमीटर. शिवाय एक अवरक्त चॅनल आणि एक बिनफिल्टरचा, ज्याला ‘क्लिअर’ म्हणतात. आर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला, जोडायला चारच तारा लागतात: वीज, ग्राउंड, एसडीए (माहितीची तार), एससीएल (ठोक्यांची तार). चीप १.८ व्होल्टवर चालते, म्हणून सुटी चीप घेऊ नका, व्होल्टेज जुळवणारा रेग्युलेटर बसवलेला तयार बोर्डच घ्या. लायब्ररी (चीप वाचण्याचा तयार कोड) टाकली की सीरियल मॉनिटरवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या खिडकीत, आकडे धावू लागतात. त्या आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा, हा आजचा विषय आहे.

हळदच घेऊ. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळायची, गाळण कागदातून गाळायची, आणि त्यातले थोडे थेंब स्वच्छ स्पिरिटमध्ये टाकायचे. जवळपास ज्योत नको. एका बाजूला पांढरा एलईडी, मध्ये काचेची चौकोनी बाटली, समोर सेन्सर. सगळं काळ्या खोक्यात, आणि एकदा बसवलं की हलवायचं नाही. बाटली दोन मिलिमीटर सरकली तरी आकडे बदलतात.

तीन वाचनं घ्यायची. पहिलं एलईडी बंद ठेवून, दुसरं नुसत्या स्पिरिटचं, तिसरं हळदीच्या द्रावणाचं. अंधारातलं वाचन दोन्हींतून वजा करायचं. मग स्पिरिटच्या आकड्याला हळदीच्या आकड्याने भागून त्याचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम काढायचा. हे झालं शोषण. निम्मा प्रकाश अडला तर उत्तर ०.३० येतं. द्रावण पातळ असेल तोवर हळद दुप्पट केली की शोषणही साधारण दुप्पट होतं. मुलांना हा आलेख हाताने काढायला लावा.

आता इथे एक मेख आहे. हळदीतलं कुरकुमिन सर्वांत जास्त शोषतं ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणून ४१५ चा चॅनल निवडावासा वाटतो. पण पांढऱ्या एलईडीत मुळात निळा डायोड असतो, त्याचं शिखर साधारण ४५० ला, आणि ४१५ ला प्रकाश जवळजवळ नसतोच. जे आलंच नाही ते अडलं किती, हे कसं सांगणार? म्हणून पांढरा एलईडी असेल तर ४४५ वरच भिस्त ठेवा. तसंच आठ चॅनलचे कच्चे आकडे शेजारी मांडून ‘हा प्रकाशाचा वर्णपट’ म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक चॅनलची संवेदनशीलता वेगळी आहे, आणि पट्ट्या २६ ते ५२ नॅनोमीटर रुंद आहेत. सोडियमची ५८९ ची रेषा शेजारच्या चॅनलमध्येही थोडी सांडते.

आणखी एक गोष्ट, जी माहीत नसल्याने पुष्कळांचा वेळ जातो. चीपमध्ये एडीसी, म्हणजे प्रकाशाच्या संकेताचा आकडा करणारे भाग, सहाच आहेत; त्यांतले दोन क्लिअर आणि अवरक्तला जातात. त्यामुळे आधी पहिले चार चॅनल मोजले जातात, मग पुढचे चार. मधल्या वेळात प्रकाश बदलला, समजा खिडकीबाहेर ढग आला, तर वर्णपटाचे दोन अर्धे वेगवेगळ्या प्रकाशाचे होतात. यावर उपाय सोपा. दोन्ही फेऱ्यांत क्लिअरही वाचून ठेवा. ते दोन आकडे जुळले नाहीत, तर ते वाचन सरळ टाकून द्या. घरातले दिवे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तेव्हा मोजणीचा काळ दहा मिलिसेकंदांच्या पटीत ठेवलेला बरा. गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा, तोही पाहून लावा. आकडा कमाल मर्यादेला टेकला की तो मोजलेला राहत नाही.

भेसळ ओळखता येईल का, असं हमखास विचारतात. नाही. मेटॅनिल यलो हा बंदी असलेला पिवळा रंगही निळाच प्रकाश शोषतो, आणि इतक्या रुंद पट्ट्यांना त्याच्यात आणि कुरकुमिनमध्ये फरक करता येत नाही. मुलांना तसं स्पष्ट सांगा. त्याऐवजी त्याच बाटलीत चुन्याच्या निवळीचे थेंब टाका. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात. ४८० आणि ५१५ चे आकडेही आता घसरतील. ६८० मात्र जागच्या जागी राहायला हवा, कारण तिथे कुरकुमिन शोषत नाही. तोही खाली आला, तर द्रावण गढूळ झालंय. पुन्हा गाळा आणि नुसत्या स्पिरिटमध्ये तेवढीच निवळी घालून तुलनेचं दुसरं वाचन नव्याने घ्या.